अर्धी वाटी खीर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हाही नाही — तिथे तर घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. आज सांगायचंच म्हणून बसले, आणि एवढ्यात दोनदा उठून ओटा पुसून आले. ओटा स्वच्छच होता.

आधी चांगलं सांगते, चालेल ना? चांगलं सांगणं मला सोपं जातं. तेच तर झालंय सगळं.

मला शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करा आणि खाण्याला शिस्त लावा. दोन्ही. मी दोन्ही केलं. चहातली साखर गेली, चहाबरोबरची खारी गेली. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, ताटात निम्मी जागा पालेभाजीला आणि काकडी-कांद्याला. शेंगाची चटणी चमच्यानं नाही, चिमटीनं. रात्रीचं जेवण दिवेलागणीला, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, घास चावून चावून. मग गच्चीत शतपावली. या सवयी चांगल्या आहेत. आजही मी त्या पाळते. खोट त्यांच्यात नाही.

वजन उतरलं, शुगर उतरली. आणि मग अकलूजला ह्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न आलं.

तुम्हाला माझं आधीचं पंगतीतलं बसणं माहीत नाही. या घरात आल्यापासून कुठल्याही पंगतीत माझ्या ताटाशी आलं की कुणीतरी म्हणायचंच — ‘वहिनींना दोन वाढा, एकानं काय होतंय त्यांचं?’ सगळे हसायचे, मीही हसायचे. हसता हसता जिलबी घशाखाली उतरायची नाही, पण ती उतरवायची. त्या लग्नात वाढपी जिलबी घेऊन आला आणि मी ताटावर हात आडवा धरला. शेजारची बाई म्हणाली, ‘अक्का, निम्म्या झालाय की तुमी. गोळ्या चालू असतील?’

मी म्हणाले, ‘छे! गोळी नाही. नुसत्या सवयी.’

का म्हणाले? कितीदा विचारलंय मी स्वतःला. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. पण त्या ओळीतल्या बायकांचे हात जेवता जेवता थांबले, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या — हसायला नाही, ऐकायला. एवढंच. एवढ्यासाठी माणूस खोटं बोलतं? मी बोलले.

पुढे आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत हळदीकुंकवाला मला चार शब्द बोलायला उभं केलं. मग फोन यायला लागले, नाश्त्याला काय करू, भात सोडू का. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं असं म्हणता येईल, पण शिडी मीच आणून लावली होती. ह्यांना सांगितलं, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. गोळ्या मी स्टेशनजवळच्या दुकानातून आणत होते आणि वेलदोड्यांच्या डबीत ठेवत होते. घरात गोडधोड होणंच थांबलं होतं, त्या डबीत कोण हात घालणार?

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. तशी असते तर परवडलं असतं. मी सांगत होते ते सगळं पाळत होते. फक्त एक गोष्ट सांगत नव्हते.

आता शोभा. माझी धाकटी जाऊ. ती आणि भाऊजी वळसंगला असतात, शेती बघतात. शुगर तिलाही होती, गोळ्याही चालू होत्या. गोळीनं तिचं पोट बिघडायचं. उन्हाळ्यात एके दिवशी पिशवीत मेथीच्या दोन जुड्या घेऊन ती एसटीनं आली. ओट्याला टेकून मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, ‘अक्का, खरं सांगा. तुमी गोळी न्हाय घेत?’

असं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. डबी तिच्या डोक्यावरच्या फळीवर होती. हात वर केला असता तर काढता आली असती. हसून म्हणता आलं असतं — अगं, घेते की, लोकांना काय सांगायचं सगळं! ती पण हसली असती. कुणाला बोललीही नसती, तशी ती नव्हतीच.

मी म्हणाले, ‘नाही.’

‘मग मी बी सोडते,’ ती म्हणाली. मी दुसऱ्या जुडीची दोरी सोडली. आम्ही मेथी निवडून संपवली.

तिनं सगळं माझ्याहून कसोशीनं केलं. रोज ताटाचा फोटो पाठवायची. भाकरी, पालेभाजी, काकडीच्या जाडजूड फोडी. मी अंगठा पाठवायचे. पावसाळा सरला तसे तिचे फोन यायला लागले. तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायात आहे का नाही ते कळत नाही. मी म्हणाले, ‘अंगातला दोष निघतोय. सुरुवातीला होतं असं.’ हे वाक्य मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. माझ्याच तोंडून आलं, आणि किती ठाम आलं.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे सगळं घर शेतात जेवायला जातं. उभ्या ज्वारीत पूजा, मग सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबिल, आणि गव्हाची गुळातली खीर. मी सोलापूरहून गेले होते. शोभा पहाटेपासून राबत होती, पूजेला अनवाणीच फिरली. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती बसली आणि तिनं वाटीत थोडी खीर घेतली. निम्मी खाल्ली असेल, तेवढ्यात मी म्हणाले — सगळ्यांदेखत म्हणाले — ‘शोभा, पथ्य?’

तिनं वाटी खाली ठेवली. जिभेवरचा घासही तिला गिळवेना. ते तोंड मला ओळखीचं होतं. पंगतीतलं माझं तोंड होतं ते.

त्याच दिवशी तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तिला कळलंच नाही. चार-पाच दिवसांनी तिच्या सुनेला चपलेवर रक्त दिसलं, तोवर आत सगळं सडलं होतं. सोलापुरात आणलं. पाऊल काढावं लागलं.

दवाखान्यात मी तिच्या खाटेच्या पायथ्याशी डबा घेऊन उभी होते. डॉक्टरांनी कागद बघितले आणि चिडून विचारलं, ‘गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?’

‘कुणी न्हाय सायेब,’ शोभा म्हणाली. ‘आमीच सोडल्या. कंटाळा आला हुता.’ माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. डबा माझ्या हातात तसाच होता. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी?

डॉक्टर गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, ‘अक्का, ती खीर नडली बगा. तुमी म्हनत हुता, मी ऐकलं न्हाय.’

आणि मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, ‘जाऊ दे. झालं ते झालं.’ म्हणजे मी तिला माफ केलं.

अजून एक राहिलंय. हे मी मघापासून टाळतेय, ओटा त्याच्यासाठीच पुसत होते. अकलूजच्या लग्नाहून आल्यावर मी गोळी खरंच सोडून बघितली होती. आपलं बोलणं खरं व्हावं म्हणून. सवयी सगळ्या तशाच होत्या, तरी शुगर चढली, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, आणि मी घाबरून गोळी पुन्हा सुरू केली. तेव्हाच डबी फळीवर गेली. म्हणजे शोभानं मेथी निवडता निवडता विचारलं तेव्हा मी नुसतं खोटं बोलत नव्हते — नुसत्या सवयींनी काय होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या अंगावर मी ते बघितलं होतं. आणि तरी तिला म्हणाले, नाही.

तिच्या गोळ्या आता चालू आहेत. तिचा मुलगा बघतो.

यंदाच्या येळवशीला ती शेतात खुर्चीवर बसली होती. नकली पाऊल बसवलंय, पण ढेकळांत चालता येत नाही. तिथूनच तिनं सगळ्यांना वाढायला लावलं. सुनेनं तिच्यापुढे खिरीची वाटी धरली, ‘घ्या की आत्या, चमचाभर,’ म्हणाली. शोभानं हात आडवा धरला.

‘नगं,’ ती म्हणाली. ‘येकदा खाल्ली, पाऊल दिलं. अक्कांकडं बग. गोळी न्हाय का काय न्हाय. नुसत्या तोंडावर ताबा.’

सून माझ्याकडे बघायला लागली. बाकीच्यांचेही हात थांबले. मी मान खाली घालून भाकरी मोडली. घरातून निघताना मी गोळी घेतली होती.