तीन देशांत अडकलेला परवाना

लहान विमानतळाच्या बाकावर किस्से आपोआप साचतात. कुणी जमवत नाही, तरी पुढे जागा उरत नाही. टेक्सासमधल्या फ्रिस्को शहराच्या उत्तरेला एका धावपट्टीवर आम्ही काही मराठी हौशी वैमानिक शनिवारी सकाळी भेटतो. आमचे बहुतेक किस्से मधुराचे. नोकरीने तिला जर्मनी, स्पेन आणि मग टेक्सास असे फिरवले. खासगी वैमानिकाचा परवाना दर वेळी हाताशी येऊन मागे राहिला. आता नेदरलँड्सला बदली ठरली होती. निघण्यापूर्वी परीक्षा झाली नाही, तर चौथ्यांदा श्रीगणेशा!

*

स्पेनच्या एका धावपट्टीवर रेडिओवरचे बोलणे स्पॅनिशमध्ये चाले. मधुराने ठरावीक वाक्ये पाठ केली होती. एकदा समोरच्या वैमानिकाने पाठाबाहेरचे काही म्हटले. अर्थ कळला नाही, सूर कळला. ती तत्काळ उजवीकडे वळली आणि डाव्या खिडकीतून त्याचे विमान गेले.

*

जर्मनीत चिमुकल्या विमानतळावरही रेडिओवर उत्तर द्यायला माणूस बसलेला असे. टेक्सासमध्ये तिने आपण उतरत असल्याचे सांगितले आणि उत्तराची वाट पाहत घिरट्या घालू लागली. इंधनाचा काटा उतरत होता. शेवटी शेजारी बसलेला तिचा शिक्षक डेल म्हणाला, "मॅम, तिथे कोणी नाही. आपण सांगायचं आणि उतरायचं."

*

उंची दाखवणारे यंत्र हवेच्या दाबावर चालते. जर्मनीत पाच हजार फुटांवर गेले, की ते ठरीव प्रमाण दाबावर लावतात. अमेरिकेत अठरा हजारांपर्यंत स्थानिक दाबच ठेवायचा. वादळ जवळ असल्याने त्या दिवशी दाब उतरला होता. मधुराच्या हाताने सवयीने बटण फिरवले, काटा उगाच वर चढला आणि तो जागेवर आणायला तिने विमान खाली घेतले. काटा बरोबर दिसत होता. विमान मात्र ठरलेल्या उंचीपेक्षा शेकडो फूट खाली होते. त्याच पातळीवरून एक जेट समोर आडवे गेले. डेलने बटण पूर्ववत केले. "मॅम, वी आर इन टेक्सस."

*

इंजिन बंद पडल्याचा सराव. जर्मनीत चिंचोळ्या शेतांतून एकच जागा सापडे, ती निवडायची. इथे क्षितिजापर्यंत सपाट कुरणे. हे बरे की ते, या विचारात उंची सरत गेली. डेल म्हणाला, "लग्नाचं स्थळ नाही बघायचं. पिक वन." त्याला हा वाक्प्रचार आमच्यातल्याच कुणीतरी शिकवला असणार.

*

परीक्षेच्या दिवशी वारा धावपट्टीला आडवा होता. उडायचे की नाही, हे परीक्षकांनी तिच्यावरच सोडले. पुढची तारीख बदलीनंतरची होती.

ती निघाली. तासाभराने विमान परत आले तेव्हा आम्ही कुंपणापाशी उभे होतो. चाके टेकणार तोच झोताने डावा पंख उचलला. तिने विमान पुन्हा वर नेले. दुसऱ्या फेरीतही तेच. माझ्या शेजारी तिचा नवरा समीर हळूच म्हणाला, "काका, तिने फक्त घाई करू नये."

तिसऱ्या वेळी एक चाक टेकले, मग दुसरे, मग नाकाखालचे.

परीक्षकांनी पंखाखालीच तिच्याशी हात मिळवला. मधुराने तिथूनच सांगलीला आईला फोन लावला.

"आई, लायसन्स मिळालं."

पलीकडून आईचा आवाज आला, "बरं झालं गं. कुठल्या देशाचं?"