कालचा पाऊस, कालच्या तारखेला

बाबा मंगळवारी गेले.

घाटातल्या एका धरणावर, तिथल्या वीजघरात, ते नोकरीभर पाऊस मोजत होते. निवृत्तीनंतर मुलुंडला माझ्याकडे आले. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, धरणाखालच्या गावातच राहिली, नदीकाठी. हल्ली आठवड्याचा पाऊस एका दिवसात पडतो. दोन वर्षांपूर्वी धरणाची दारं एकदम उघडावी लागली, तेव्हा पाणी तिच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं.

तेराव्यानंतर बाबांच्या हाताखाली शिकलेले एक इंजिनिअर घरी आले. धरणात किती पाणी येणार हे आधीच सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली ते मरोळच्या ऑफिसात तयार करत होते. ती जुन्या पावसावरून शिकते, पण काही वर्षांची रजिस्टरं ओल लागून गेली होती. बाबांच्या पावसाच्या नोंदींच्या खासगी वह्या मिळतील का, असं त्यांनी संकोचत विचारलं. मी आकड्यांच्या पानांचे फोटो काढून पाठवले.

वह्या वाचायला मला पुढे महिना लागला. दिवसाला चार-पाच पानांच्या वर जमत नसे. एका वहीच्या पुठ्ठ्याच्या आत, जिथला फोटो मी काढलाच नव्हता, त्यांनी लिहिलं होतं: सकाळी आठला मोजलेला पाऊस खरा कालचा. रजिस्टरात तो आजच्या तारखेला मांडतात; मी इथे कालच्या तारखेला मांडतो.

मी इंजिनिअरांना फोन केला. पुठ्ठ्यावरच्या ओळी वाचून दाखवल्या.

“ताई, म्हणजे पाऊस पडल्यावर पाणी धरणात यायला एक दिवस जास्त लागतो, असं मशीन समजून बसलंय.”

“मग?”

“मग आपण दारं एक दिवस उशिरा उघडली असती.”

तारखा दुरुस्त झाल्या. यंदा जुलैत प्रणालीने मोठं पाणी येणार हे तीन दिवस आधी सांगितलं. वीजघराने यंत्रं पूर्ण जोराने चालवून आधीचं पाणी वापरून टाकलं, धरणात जागा करून ठेवली. दारं थोडीथोडीच उघडावी लागली. शेजाऱ्यांच्या माडीवर जा, असं मी आत्याला फोनवर सांगितलं. ती अर्थातच गेली नाही. पाऊस ओसरल्यावर तिचाच फोन आला.

“पाणी पायरेपर्यंत इला नि गेला. तुझो बापूस असतो तर चार फोन केल्यान असते. तू एकच केलंस.”

पुढच्या वेळी चार करीन म्हटलं. त्या दुपारी कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

बाबा नाहीत. आत्या आहे, तिच्या घरात.