पडद्याच्या फटीतून दिसलेली पिल्लं

समुद्रगायीचं पिल्लू आईच्या अंगाला लागून पोहतं. विमानातून ते तिच्या सावलीसारखं वाटतं. माझ्या रूममेटला ते चटकन वेगळं दिसायचं, मला नाही. सगळं तिथूनच सुरू झालं.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं आखातात, मुहर्रकला, विमानतळाच्या कार्गोत होतो. तो रत्नागिरीकडच्या मच्छीमार घरातला. पत्र्याच्या शेडमध्ये खोकी लावताना समुद्रासाठी तळमळायचा. समुद्रगाईंची विमानातून पाहणी करणाऱ्या एका बाईंना माणसं कमी पडली, तेव्हा त्यानेच मला ओढून नेलं.

एकाच बाजूच्या दोन खिडक्या. तो पुढे, मी मागे, मध्ये कापडी पडदा. दिसेल ते आपापल्या टेपरेकॉर्डरवर बोलायचं, एकमेकांना सांगायचं नाही. एकाला दिसलेलं दुसऱ्याला किती वेळा निसटतं, त्यावरून दोघांनाही न दिसलेल्या पिल्लांचा अंदाज बाई बांधायच्या.

पहिल्या फेरीनंतर बाईंनी त्याचंच कौतुक केलं. खोलीवर तो म्हणाला, "झोपला होतास काय मेल्या? पिल्लं तुला मामा-मामा करून हाका मारत होती!"

मी हसलो. आतून जळत होतो. त्यातच कळलं, पुढच्या मोसमात दोघांतल्या एकालाच घेणार.

पुढच्या फेरीत मला पडद्याला फट सापडली. काही दिसलं की तो कपाळ काचेला टेकवायचा. ते टेकलं की मी खाली निरखून बघायचो आणि बोलायचो, "आई आणि पिल्लू." आमच्या नोंदी जुळू लागल्या. बाई खूश, म्हणजे निसटतंय फारच थोडं! त्यांनी पिल्लांचा अंदाज खाली आणला. आणि माझं इंग्रजी बरं, म्हणून मला ठेवलं.

"खलास," तो म्हणाला. "आता माझ्या वाटचा समुद्र तूच बघ." स्वतःचा गॉगलही त्याने मला दिला.

गेल्या महिन्यात त्याला फोन करून सगळं सांगितलं. शिव्या ऐकायची तयारी होती. त्याने एवढंच विचारलं,

"म्हणजे कागदावर होती त्याहून जास्त पिल्लं होती ना रे?"

"हो."

"अल्हमदुलिल्लाह!" आणि तो मनापासून हसला.

इतकी वर्षं मला त्या आकड्यात फक्त माझी चोरी दिसली होती. पिल्लं पुन्हा त्यालाच दिसली. फोन ठेवला, तेव्हा मला त्याचा पूर्वीइतकाच हेवा वाटत होता.