गदरातले पणजोबा

झाशीच्या कचेरीत इंग्रजी अमदानीच्या कागदांचे बस्ते सांभाळणारा तो कारकून मी कधी बसलेला पाहिला नाही. बोलतानाही फेऱ्या मारायचा आणि इंजिनाची शिटी झाली की दचकून खिडकीशी जायचा.

इंग्रज गेल्यावर मी गावभर सांगत सुटलो होतो, की आमचे पणजोबा सत्तावनच्या गदरात त्यांच्याशी लढले. संध्याकाळी गणपतीपुढे त्यावरच माझं भाषण होतं. म्हटलं, लेखी पुरावा घेऊनच उभं राहावं. ही अक्कल माझीच.

त्याने बस्ता सोडला, कागद वाचला आणि पहिल्यांदाच जागच्या जागी थांबला.

"भैयाजी, इन्होंने तो बागियों के नाम बताए थे. साहब ने पेन्शन बाँध दी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "कोणाला सांगू नका हो!" मी चक्क मराठीत गयावया केली.

"किसको बताएँ? आपके मोहल्ले से जो भी आया, यही देखकर गया." गाठ मारून त्याने पुन्हा फेऱ्या सुरू केल्या.

संध्याकाळी माझ्या आधी चौघांच्या पणजोबांनी तलवारी गाजवल्या. मग माझ्यानेही राहवलं नाही; माझ्या पणजोबांनीही तलवार उपसली. मांडवाच्या मागे उभा राहून तो कारकून आम्हा प्रत्येकासाठी सारख्याच जोराने टाळ्या वाजवत होता.