आंधार लागणारं झाड

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यातून विषय घेतला वनस्पतिशास्त्र. भडगावजवळच्या आमच्या गावात आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, हे कधी पटलं नव्हतं. "झाडेसनं शिकाले कॉलेज कसाले लागस? आपन बठ्ठा तेच करतस ना," असं ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. घरातले सगळेच केळीच्या बागेत राबणारे, आणि आबांचा तर सगळा जन्म तिथेच गेला होता.

जळगावला होस्टेलवर राहायला लागले त्या वर्षी आमच्या मॅडमनी मला कलांचोची एक कुंडी दिली. जाड, रसाळ पानं आणि वर लाल फुलांचा तुरा. होस्टेलच्या खोलीत ऊन येत नव्हतं, म्हणून मी ती मांडीवर धरून एसटीने घरी आणली आणि तुळशीशेजारी ठेवली.

तिथेच चुकलं. तुळशीला पाणी घातलं की आई तांब्यातलं उरलेलं पाणी त्या कुंडीत ओतायची. देवाचं पाणी वाया कसं घालवायचं? वडील बागेतून आले की आणखी थोडं. आमच्याकडे झाडावरची माया पाण्यानेच दाखवतात. पुढच्या सुट्टीत आले, तर खोड खालून काळं आणि मऊ पडलं होतं.

"इतली पुस्तकं शिकनी, एक कुंडी नही जगाडता उनी," आबा म्हणाले. हसतच म्हणाले, पण मला लागलं.

वरच्या दोन फांद्या अजून हिरव्या होत्या. त्या कापून मी कोनाड्यात कोरड्या कागदावर ठेवल्या. आई लगेच पाण्याची वाटी घेऊन आली. "अवं, मरी जातीन ना त्या!"

मी जरा घाबरतच आबांकडे वळले. केळीचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पिलं, खणून काढल्यावर लगेच लावता का, असं विचारलं.

"नही. सावलीमा ठेवूत. जखम सुकाले पाहिजे."

"मग हेही तसंच, आबा."

 आईला वाटी परत न्यायला आबांनीच सांगितलं.

फांद्या रुजल्या. नवी कुंडी मी ओट्यावर ठेवली. माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही, असं सगळ्यांना बजावलं. झाड छान भरलं, पण दिवाळी झाली तरी कळी दिसेना. या वेळी कारण मला ठाऊक होतं. कलांचोला कळी धरायला लांबलचक अंधार लागतो, आणि आमच्या ओट्यावर रात्रभर बल्ब जळतो. मी शेणाने सारवलेली जुनी टोपली शोधून काढली. दिवेलागणीला ती झाडावर उपडी घालायची, सकाळच्या चहानंतर काढायची, एवढं सांगून मी जळगावला परतले. कोणी करील, याची खात्री नव्हती.

शेजारची काकू उपडी टोपली पाहून येता-जाता विचारायची म्हणे, "काय वं, कोंबडी बसाडी का?" आई फोनवर हसत सांगत होती. मी विचारलं, टोपली घालतं कोण?

"आबा. मी हात लावा का खवळतस."

संक्रांतीला घरी आले तेव्हा केळीचा एक व्यापारी ओट्यावर आबांशी बोलत बसला होता. दोघांच्या मध्ये कुंडी होती, लाल फुलांनी गच्च भरलेली. इतकी फुलं मॅडमनी दिलेल्या झाडालाही नव्हती.

"आबा, पाणी घाला जरा याला," व्यापारी मातीला बोट लावून म्हणाला. "पार कोरडं पडलंय."

मी दारातच थांबले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"याले पानी नही, आंधार लागस," आबा म्हणाले. "तुमले नही समजाव. मन्ही नात कॉलेजमा हाईच शिकस."