पांढऱ्याचा हुकूम

कुरडयांचं ताट गच्चीवरून उतरवताना बायको जिन्यात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. कुरडया वाचल्या. पण अकोल्यात तिच्या भाचीचा साखरपुडा तोंडावर आला होता, आणि माहेरचं कुठलंही कार्य असो, दारची रांगोळी हिचीच. भाचीला तसा शब्द दिला होता. त्यात सोयरे दर्यापूरचे. त्यांच्या बायका म्हणे रांगोळी बघूनच घराची पारख करतात.

"मी काढतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तुमी? तुमची सही बँकवाले परत पाठवतात!"

"हात माझा नाही. मशीनचा."

माझं पोट आकड्यांवर. अमरावतीत बियाण्यांच्या चाचण्यांची आकडेमोड करतो. त्यासाठी लागणारं एकच सॉफ्टवेअर मला येतं, त्यामुळे जगातलं कुठलंही संकट त्यातच सुटेल असं मला वाटतं. हे सॉफ्टवेअर स्वतः चित्र काढत नाही. ते नुसते हुकूम सोडतं: इथून तिथं रेघ ओढ, इथं वर्तुळ काढ, इथं रंग भर. ऐकून राबणारा गडी वेगळा. त्याला म्हणायचं डिव्हाइस. कधी तो पडद्यावर काढतो, कधी कागदावर. मी जमिनीवर रांगोळी टाकणारा नवा गडी घडवला. ड्रॉवरचे चॅनेल, दोन मोटरी आणि स्वयंपाकघरातलं तेलाचं नरसाळं.

घरी नरसाळ्याच्या जागी स्केचपेन बांधून कागदावर चाचणी घेतली. सूत्रातून असं फूल उमललं की बायको म्हणाली, "जमलं की हो!" हे वाक्य आमच्या संसारात नवीन होतं. मी हवेत.

साखरपुड्याच्या सकाळी अकोल्यात थोरल्या मेहुणीनं तो कागद बघितला. "जावईबापू, पाकळ्या रिकाम्याच काहून? उपाशी दिसून राह्यल्या त्या. भरा ना."

आता आली पंचाईत. गड्याला मी फक्त रेघा शिकवल्या होत्या. 'रंग भर' असा हुकूम आला तर कानाडोळा कर, असं सांगून ठेवलं होतं. चहा निवायच्या आत तेही शिकवलं. पुन्हा चाचणी? कशाला? हवेतल्या माणसाला चाचणी लागत नाही.

नरसाळ्यावर पांढऱ्या रांगोळीची थैली उलटी बांधली, मशीन अंगणातल्या काळ्या फरशीवर मांडलं आणि बटण दाबलं. गडी अंगणाच्या मधोमध न जाता थेट कोपऱ्यात गेला आणि शेतात वखराची पाळी घातल्यासारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे जाऊ लागला.

मेहुणीचे यजमान, आमचे साडभाऊ, खुर्ची घेऊनच आले. "हे रांगोळी काढून राह्यलं का पेरणी करून राह्यलं?"

"शास्त्रशुद्ध पद्धत असते," मी म्हणालो, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक चित्राआधी सॉफ्टवेअरचा पहिला हुकूम असतो: सगळं पान पांढऱ्यानं भर. कागद मुळात पांढरा, म्हणून ते कधी डोळ्यांत भरत नाही. आणि माझा गडी आजवर कानाडोळा करत होता. आज पहिल्यांदाच आज्ञाधारक झाला होता.

हे उमगून मी वायर उपटेपर्यंत रांगोळीची थैली रिकामी झाली होती आणि अंगण पांढरंफेक. तेवढ्यात फोन आला, पाहुण्यांची गाडी अकोल्यात शिरली होती.

मेहुणीनं झाडू उचलला. तो माझ्यासाठी की अंगणासाठी, हे कळायच्या आत बायको पाट घेऊन पुढं झाली. "झाडू ठेव ताई." प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून तिनं डाव्या हाताचं बोट त्या पांढऱ्यात फिरवलं. खालची काळी फरशी वर आली. एक वेल, मग मोर, मग मोराभोवती पानं. डाव्या हाताच्या थरथरीनं वेलीला वेगळाच हेलकावा आला.

विहीणबाई गाडीतून उतरल्या आणि तिथंच थबकल्या. "अवो माय! काळ्यानं काढली? कोनती पद्धत म्हनायची हे?"

"आमच्या अमरावतीची," बायको म्हणाली.

"खरं म्हणजे तो पार्श्वभूमीचा हुकूम..." मी सुरू केलं. तोच माझ्या पायावर तिचा पाय पडला.

परतीच्या एसटीत मी लॅपटॉप उघडून तो हुकूम खोडायला घेतला.

"राहू द्या तो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "लग्नातही रांगोळी मीच काढावी म्हणतात विहीणबाई. दर्यापूरचं आंगन लय मोठं हाये. पांढरं तेवढं तुमच्या गड्याले टाकू द्या. फुलांच्या नादी लागू नका."

आता तिचं प्लास्टर निघालंय. गडीही तयार आहे. पांढऱ्याखेरीज त्याला दुसरा कुठलाच हुकूम ऐकू येत नाही.