न निघणारं कुसू

मी मुरबाडला एका बंगल्याच्या दारांच्या कामावर होतो, तेव्हा मोठा भाऊ टेंपो घेऊन आमच्या डोळखांबकडच्या घरी आला आणि आईचा पलंग घेऊन गेला. बापाने लग्नाच्या वेळी स्वतःच्या हाताने केलेला सागवानी पलंग. दादाला शहापूरच्या नव्या घरात जुन्या लाकडाची शोभा हवी होती. आई जमिनीवर चटई टाकून झोपू लागली. गुडघे धरलेली बाई, सकाळी उठताना मातीच्या भिंतीत नखं रुतवायची. त्या ओरखड्यांवर मी मुद्दाम सारवू दिलं नाही.

बापाच्या पलंगात एकही खिळा नव्हता. आडव्या लाकडाचं टोक तासून कुसू काढायचं, ते पायाच्या भोकात बसवायचं आणि बाहेरून निमुळती खुंटी ठोकायची. खुंटी आतल्या अंगाने ठोकली की सुटते. दादा सुताराच्या पोटी जन्मला, पण बापाच्या कामाकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याने खुंट्या बाहेरून हाणल्या, तशा त्या आणखी घट्ट झाल्या. मग त्याने बापाचीच करवत काढली आणि सगळी कुसवं पायालगत कापली. आई तेव्हा ओटीवर बसून आवाज ऐकत होती, असं शेजारणीने मला सांगितलं. त्या दिवसापासून मला सूड हवा होता. मी घाई केली नाही.

कापलेल्या सांध्यांना लोखंडी पट्ट्या मारून उभा केलेला पलंग शहापूरला कुरकुरायला लागला, तसा दादाचा फोन आला.

"भायेरचा सुतार नास करील रे. तूच कर, बापाचं काम हाय."

"आण की," मी म्हणालो. आवाज गोड ठेवला.

दादा पट्ट्या सोडवून पलंग टेंपोतून घेऊन आला, तेव्हा अंगणात पाऊस आहे, आईच्या खोलीत जोडतो, असं मी त्याला सांगितलं. पटाशीने भोकांतले जुने तुकडे काढले आणि भोकं आतून थोडी रुंद केली. आडव्या लाकडांना नवी कुसवं काढली, त्यात पलंग वीतभर आखूड झाला. आईला पुरणार होता आणि उंच दादाचे पाय बाहेर येणार होते, याचा मला भारी आनंद झाला. प्रत्येक कुसवाच्या टोकाला चीर दिली आणि तिच्यात पाचर अडकवली. कुसू आत गेलं की पाचर भोकाच्या तळाला टेकते, कुसवाला फाकवते, आणि मग ते कुणाच्या बापाला निघत नाही. पलंग पुन्हा उघडायचाच नसेल तरच असा सांधा घाल, असं बाप मला सांगायचा. खोलीचं दार अरुंद आणि पुढे लगेच भिंत. जोडलेला पलंग आडवा धरा की उभा, बाहेर जात नाही, हे मी आधीच सुतळीने मापून ठेवलं होतं. मोगरी हाणताना दादाचं तोंड डोळ्यांसमोर होतं.

दादा टेंपो घेऊन आला तेव्हा आई पलंगावर बसून वाल सोलत होती. त्याने वाकून खुंट्या शोधल्या, एकही नव्हती. मग दाराकडे बघितलं, परत पलंगाकडे.

"हा भायेर कसा काढायचा रे?"

"निघत नाय. कापाय लागंल." मी करवत त्याच्या हातात दिली. "तुला येतं."

टेंपोवाला दारातून बघत होता. दादा करवत घेऊन पायाजवळ वाकला, तशी आई वालाच्या ताटासकट त्याच कोपऱ्यावर सरकली.

"काप," ती म्हणाली. "मागच्या टायमाला मी ओटीवर होते. आता हितंच बसलेय."